२१०, बऊबाजार स्ट्रीट

१८६७ सालच्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बंगाल शाखेच्या वार्षिक सभेत डॉ. महेंद्रलाल सरकार भाषणाला उभे राहिले. वय तेहतीस. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून एम.डी. होऊन चार वर्षे झाली होती आणि शहरातल्या नामांकित डॉक्टरांत त्यांची गणना होत होती. याच शाखेच्या स्थापनेच्या वेळी त्यांनी होमिओपॅथीवर कडाडून टीका केली होती. त्या दिवशी मात्र ते होमिओपॅथीची बाजू मांडू लागले, आणि सभेत एकच गदारोळ उडाला. गोऱ्या आणि देशी डॉक्टरांनी मिळून त्यांना वाळीत टाकले. ज्या दवाखान्यात माणसांची रीघ लागायची तिथे पुढचे काही महिने रोगी फिरकेनासे झाले.

झाले होते असे. होमिओपॅथीवरचे एक पुस्तक परीक्षणासाठी त्यांच्या हाती आले. झोडपून काढायचे या तयारीनेच त्यांनी ते वाचायला घेतले. पण प्रत्यक्ष रोगी पाहिल्याशिवाय लिहिणे त्यांच्या मनाला पटेना. म्हणून राजेंद्रलाल दत्त या होमिओपॅथीच्या पुरस्कर्त्याबरोबर ते रोग्यांकडे फिरू लागले, आणि पाहता पाहता त्यांचे मत पालटले. आजचे वैद्यकशास्त्र त्यांच्या त्या निष्कर्षाला मान्यता देत नाही, आणि तो मलाही पटत नाही. पण पाहिल्यावाचून बोलायचे नाही, आणि जे दिसले ते पोटावर पाय आला तरी चारचौघांत सांगायचे, हा त्यांचा बाणा त्या एका प्रसंगात पुरता दिसतो. पुढे सदतीस वर्षे त्यांनी जे काम केले त्याचे मूळ या बाण्यातच होते.

हे काम म्हणजे सामान्य माणसाला विज्ञान दाखवणारी, त्याच्यापुढे प्रयोग करणारी आणि एक दिवस त्याच्या हातून प्रयोग करून घेणारी संस्था. तिच्यासाठी पैसा आपल्याच लोकांनी द्यायचा आणि कारभारही आपल्याच लोकांनी चालवायचा.

महेंद्रलाल हावड्याजवळच्या पाइकपाडा गावचे. वडील लवकर गेले, पाठोपाठ आईही गेली, आणि मुलगा कलकत्त्यात मामांकडे वाढला. हेअर स्कूल, मग हिंदू कॉलेज, मग मेडिकल कॉलेज. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षातली त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका नातेवाइकाचे डोळे दाखवायला ते डॉ. आर्चर यांच्याकडे गेले होते. आर्चरसाहेब वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना डोळ्याच्या रचनेवर प्रश्न विचारत होते आणि कोणालाच उत्तर येत नव्हते. मागे उभ्या असलेल्या या मुलाने उत्तर दिले. साहेब आणखी विचारत गेले, मुलगा सांगत गेला. शेवटी दुसऱ्या वर्षाच्या त्या विद्यार्थ्यालाच वरच्या वर्गांपुढे प्रकाशशास्त्रावर व्याख्याने द्यायला लावण्यात आले. व्याख्यानाची गोडी त्यांना तिथेच लागली असावी असे मला वाटते. प्रकाश हा विषय तर या कथेला शेवटपर्यंत सोडत नाही.

बहिष्कार पडला तरी ते गप्प बसले नाहीत. १८६८ साली त्यांनी ‘कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन’ हे स्वतःचे मासिक काढले. १८६९ च्या ऑगस्टमध्ये त्यात त्यांचा एक लेख आला. हिंदी लोकांनी विज्ञानाची उपासना करावी यासाठी एक राष्ट्रीय संस्था हवी, असे त्यात त्यांनी मांडले. त्यांच्या डोळ्यांपुढे लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन होती. तिथे हम्फ्री डेव्ही आणि मायकेल फॅरडे यांची प्रयोगशाळा आणि व्याख्यानाचे सभागृह एकाच इमारतीत होते. खाली तळघरात शोध लागायचा आणि तो वर सभागृहात शेकडो लोकांना दाखवला जायचा. एका लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, १८१२ साली डेव्हीची व्याख्याने ऐकायला तिथल्या गॅलरीत बसला, त्यांची टिपणे बांधून त्याने डेव्हीकडे पाठवली, आणि वर्षभरात त्याच प्रयोगशाळेत साहाय्यक झाला. तो फॅरडे. व्याख्यानाला आलेला श्रोता उद्या संशोधक होऊ शकतो, याचा एवढा बोलका पुरावा दुसरा नव्हता. महेंद्रलालांना कलकत्त्यात नेमके हेच हवे होते.

त्या काळी आपल्याकडे विज्ञानाची व्याख्याने मुळीच होत नव्हती असे नाही. मुंबईत एल्फिन्स्टनच्या तरुणांनी १८४८ सालीच ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली होती. दादाभाई नवरोजी आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. तिच्याच आश्रयाने मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा चालत, आणि तिथे इंग्रजी न येणाऱ्यांसाठी निबंध वाचले जात. लोकांच्या भाषेत बोलण्यात मुंबई कलकत्त्याच्या पुढे होती, हे अभिमानाने सांगायला हवे. पण त्या सभांचा ओढा समाजसुधारणा, मुलींच्या शाळा, इतिहास यांकडे अधिक होता, आणि ते स्वाभाविकही होते. उपकरणे, प्रयोगशाळा आणि संशोधन एका छपराखाली आणण्याचा आग्रह महेंद्रलालांनी धरला.

१८७० च्या जानेवारीत ‘हिंदू पेट्रियट’मध्ये त्यांनी संस्थेची योजना छापली आणि देणग्यांचे आवाहन केले. उत्तरपाड्याचे जमीनदार जयकृष्ण मुखर्जी यांनी पहिले एक हजार रुपये दिले. ईश्वरचंद्र विद्यासागर पाठीशी उभे राहिले. १८७२ साली बंकिमचंद्रांनी ‘बंगदर्शन’मधून या विज्ञानसभेची बाजू बंगाली वाचकांपुढे मांडली. आपला देश गुलामीत पडला त्याला विज्ञानाकडे पाठ फिरवल्याचेही कारण आहे, असा त्यांचा रोख होता. तरीही पैसा ठिबकत ठिबकतच आला. योजनेपासून संस्थेपर्यंत सहा वर्षे लागली.

आणि शेवटी शेवटी एक वादही उपटला. १८७५ सालच्या अखेरीस प्रिन्स ऑफ वेल्सचा हिंदुस्थान दौरा होता. शिशिरकुमार घोष यांच्या ‘इंडियन लीग’ने त्या निमित्ताने तंत्रशिक्षणाची शाळा काढायची टूम काढली. देश भुकेला आहे, त्याला कारागीर हवेत, सूक्ष्म सिद्धान्त ऐकवून काय होणार, असे लीगचे म्हणणे होते. यात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. पोटाचा प्रश्न खराच होता. महेंद्रलालांच्या बाजूने या वादात उतरला तो एक बेल्जियन जेझुइट पाद्री. सेंट झेव्हिअर्स कॉलेजचे फादर यूजीन लाफों. त्यांचे म्हणणे असे, की नुसते कारागीर घडवाल तर त्यांच्यावर देखरेख करायला कायम युरोपियन माणूस लागेल; ही कायमची ताबेदारी संपवायची असेल तर विज्ञानाच्या मुळाशीच जायला हवे. १८७६ साली एका परकीय धर्मगुरूने हे जाहीर सभेत सांगावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

वाद मिटवला तो बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल याने. हा टेंपल मराठी वाचकाला परका नाही. आधी नागपुरात मध्य प्रांताचा चीफ कमिशनर आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर. वासुदेव बळवंत फडक्यांनी ज्याच्या शिरावर इनाम लावले तो हाच. इतिहासातली माणसे अशी एका रंगात रंगवता येत नाहीत. कलकत्त्यात याच टेंपलने दोन्ही पक्षांना बोलावून घेतले, निधीच्या अटी घालून महेंद्रलालांच्या योजनेला सरकारी जागा मिळवून दिली, आणि २९ जुलै १८७६ रोजी ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ सुरू झाली. पत्ता : २१०, बऊबाजार स्ट्रीट. कलकत्तेकरांच्या तोंडी ती झाली ‘सायन्स असोसिएशन’.

सुरुवातीच्या वर्षांतली असोसिएशन म्हणजे मुख्यतः दोन माणसांची संध्याकाळची व्याख्याने. एक महेंद्रलाल आणि दुसरे लाफों.

लाफोंबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. १८६५ साली ते कलकत्त्यात आले आणि दोनच वर्षांत त्यांचे नाव सगळ्या शहरात झाले ते एका वादळामुळे. कॉलेजच्या गच्चीवर मांडलेल्या साध्या वेधशाळेत ते रोज वायुभारमापक पाहून नोंदी करत. १८६७ च्या पावसाळ्यानंतर पारा ज्या तऱ्हेने उतरला त्यावरून चक्रीवादळ येणार हे त्यांनी ओळखले आणि अधिकाऱ्यांना सावध केले. वादळ आले. तेव्हापासून त्यांच्या हवामानाच्या नोंदींची वर्तमानपत्रे वाट पाहू लागली. १८७४ च्या डिसेंबरात शुक्राचे अधिक्रमण पाहायला ते कलकत्त्याबाहेर गेले होते. पण त्यांचा खरा जीव होता तो लोकांना दाखवण्यात. युरोपात एखादे नवे उपकरण निघाले की ते मागवायचे, आधी स्वतः हाताळायचे, मग सभागृहात आणून चालवून दाखवायचे. एडिसनच्या फोनोग्राफमधून निघालेला आवाज कलकत्तेकरांनी ऐकला तो त्यांच्याच व्याख्यानांत. टेलिफोन, मायक्रोफोन, विजेचे दिवे, वर्णपटाच्या पट्ट्या, ध्वनीच्या कंपनांनी नाचणाऱ्या ज्योती असे सारे त्यांच्या टेबलावर येई. वर्षानुवर्षे त्यांनी असोसिएशनमध्ये पदार्थविज्ञानावर व्याख्याने दिली. मानधन घेतले नाही. सेंट झेव्हिअर्समध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांपैकी एक होता जगदीशचंद्र बोस.

या जोडीचे मला फार कौतुक वाटते. एक कॅथलिक धर्मगुरू; दुसरा ईश्वर मानणारा, पण अवतार, चमत्कार आणि पायांवर डोके ठेवणे यांचा तिटकारा असलेला हिंदू डॉक्टर. धर्मावर त्यांचे एकमत होणे शक्यच नव्हते. पण टेबलावर भिंग, प्रिझम किंवा तारेचे वेटोळे ठेवले की दोघांची भाषा एक व्हायची.

महेंद्रलालांचा दुसरा एक सहवास अधिक प्रसिद्ध आहे. १८८५ साली रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला तेव्हा उपचारासाठी त्यांनाच बोलावले गेले. तासन्‌तास ते तिथे बसत आणि भक्तांशी वाद घालत. माणसाला देव म्हणून पुजणे त्यांना सहन होत नसे आणि ते तसे तोंडावर सांगत. रामकृष्णांच्या संवादांची नोंद असलेल्या ‘कथामृता’त हे सारे आहे. तरुण नरेंद्र, पुढचे विवेकानंद, त्यांना एकदा उत्तर देताना म्हणाले, की डॉक्टर, तुम्ही नाही का विज्ञानाच्या शोधापायी देहाची पर्वा करत नाही. मग ईश्वराच्या शोधापायी यांनी केली नाही तर त्यात काय वावगे? महेंद्रलालांचा ध्यास बऊबाजाराबाहेरही लोकांना किती ठाऊक होता, हे त्या उत्तरावरून कळते. रामकृष्णांकडून त्यांनी फी घेतली नाही. ऑगस्ट १८८६ मध्ये रामकृष्ण गेले तेव्हा अखेरच्या छायाचित्रासाठी दहा रुपये काढून देणारे तेच होते.

असोसिएशनमध्ये हळूहळू आणखी माणसे आली. आशुतोष मुखर्जी, जे पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश आणि विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यांनी तरुणपणी तिथे गणितावर व्याख्याने दिली. प्रमथनाथ बोस भूशास्त्रावर बोलले, चुनीलाल बोस रसायनशास्त्रावर. जगदीशचंद्रांनीही तिथे शिकवले. शहरातल्या कितीतरी कॉलेजांत तेव्हा विज्ञानाचा प्राध्यापक नव्हता, उपकरणे तर दूरच. तिथले विद्यार्थी संध्याकाळी बऊबाजाराची वाट धरत. नवे सभागृह उभे राहिले. विजयनगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळा बांधली गेली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. कालीकृष्ण टागोरांच्या पैशातून उपकरणे आली. सात इंची भिंगाची एक दुर्बीण आली.

एवढे सगळे झाले. पण ज्यासाठी हा खटाटोप होता ते मात्र होईना.

महेंद्रलालांना हवे होते पगारी प्राध्यापक. दिवसभर दुसरे काही न करता प्रयोगशाळेत राबणारी दोन-चार माणसे. त्यासाठी कायमचा निधी लागतो, आणि तो शेवटपर्यंत जमला नाही. व्याख्याते सगळे हौशी, आपापला धंदा सांभाळून येणारे. व्याख्याने होत, टाळ्या पडत, दिवे मालवले जात, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कोणीच नसे. पुढे कॉलेजांतून विज्ञानाचे वर्ग सुरू झाले तशी विद्यार्थ्यांची गर्दीही ओसरली. परीक्षेचा अभ्यास कॉलेजात होऊ लागल्यावर संध्याकाळी मुद्दाम कशाला यायचे?

सर्वांत लागणारी गोष्ट वेगळीच होती. जगदीशचंद्रांनी १८९०च्या दशकात प्रेसिडेन्सी कॉलेजात मिलिमीटर लांबीच्या विद्युत्‌लहरींवर काम केले. कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये लेफ्टनंट गव्हर्नरासमोर त्यांनी या लहरी भिंतींपार पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारू पेटवून दाखवली. २९ जानेवारी १८९७ रोजी ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, फॅरडेने सुरू केलेल्या शुक्रवारच्या व्याख्यानमालेत, फॅरडेच्याच टेबलामागे उभे राहून बोलले. ज्या संस्थेचा आदर्श समोर ठेवून महेंद्रलालांनी आपली संस्था काढली तिथे एक बंगाली शास्त्रज्ञ पोचला. पण त्याने जे संशोधन तिथे मांडले ते बऊबाजारात झालेले नव्हते.

मुंबईत १८९८ साली जमशेटजी टाटांनी संशोधनसंस्थेसाठी आपल्या संपत्तीतला मोठा वाटा देऊ केला. त्यातून पुढे बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभी राहिली. बंगालच्या जमीनदारांत महेंद्रलालांना असा टाटा भेटला नाही. शेवटच्या वर्षांतल्या त्यांच्या वार्षिक भाषणांत निराशा लपत नाही. देशबांधवांच्या उदासीनतेचे कोडे आपल्याला उलगडत नाही, हे काम हाती घेऊन आपण आयुष्याची चूक तर केली नाही ना, असा सूर त्यांत येतो. तरीही एखादा तरुण पुढे येईल, माझी जागा घेईल आणि या संस्थेला मोठे करील, ही आशाही ते बोलून दाखवत. २३ फेब्रुवारी १९०४ रोजी ते गेले. संस्थेचे चिटणीसपद त्यांचा मुलगा डॉ. अमृतलाल यांच्याकडे आले. इमारत, उपकरणे, पुस्तके, नियतकालिके सगळे जागच्या जागी होते. वापरणारे कोणी नव्हते.

१९०७ साली मद्रासकडचा एक अठरा वर्षांचा तरुण अधिकारी अर्थखात्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून कलकत्त्यात रुजू झाला. एम.ए.ला पदार्थविज्ञानात पहिला आलेला, पण त्या काळी हिंदी माणसाला विज्ञानात पोट भरण्याची सोय नव्हती म्हणून सरकारी परीक्षा देऊन नोकरी धरलेला. नवीनच लग्न झाले होते. बिऱ्हाड बऊबाजाराजवळच्या स्कॉट्स लेनमध्ये. एकदा ट्रामने जाता-येता त्याला पाटी दिसली, ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. तो उतरला आणि दार ठोठावले. आशुतोष डे नावाच्या माणसाने दार उघडले. सगळे त्याला आशूबाबू म्हणत. आशूबाबूंनी पाहुण्याला अमृतलालांकडे नेले. येथे मला प्रयोग करता येतील का, असे त्याने विचारले. अमृतलालांना भरून आले. अशाच माणसाची तर वडिलांनी जन्मभर वाट पाहिली होती. त्यांनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या.

हा तरुण म्हणजे चंद्रशेखर व्यंकट रामन.

त्यानंतरचा रामन यांचा दिनक्रम ऐकला की आजही थक्क व्हायला होते. पहाटे साडेपाचला असोसिएशन. पावणेदहाच्या सुमाराला घरी येऊन अंघोळ, जेवण, आणि धावतपळत ऑफिस. संध्याकाळी पाचला ऑफिसातून परस्पर पुन्हा असोसिएशन, ते रात्री साडेनऊ-दहापर्यंत. रविवारी दिवसभर तिथेच. मध्ये बदल्या झाल्या, १९०९ साली रंगूनला आणि १९१० साली आपल्या नागपूरला. नागपुरातही राहत्या घरात त्यांचे प्रयोग चालू होते. १९११ साली ते कलकत्त्यात परतले आणि असोसिएशनला लागूनच घर घेतले. घर आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक दार पाडून घेतले.

आशूबाबूंचे काय झाले तेही सांगण्याजोगे आहे. विद्यापीठाची पायरी कधी न चढलेला हा माणूस रामन यांच्या हाताखाली असा तयार झाला की लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याच्या एकट्याच्या नावाने निबंध छापून आला. पंचवीस वर्षे तो रामन यांच्या सोबत राहिला. महेंद्रलालांनी जो श्रोता मनाशी धरला होता, तो शाळा-कॉलेजच्या शिक्क्याविना विज्ञानापर्यंत पोचणारा साधा माणूस, तो असोसिएशनच्या दारातच उभा होता.

रामन हे एकट्याच्या प्रतिभेचे फळ, असोसिएशन केवळ निमित्त, असे म्हणणारे असतील. मला ते मान्य नाही. त्या काळी कलकत्त्यात सरकारी नोकरीतल्या अठरा वर्षांच्या पोराला पहाटे आणि रात्री प्रयोगशाळा कोणी उघडून दिली असती? कॉलेजांच्या प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी आणि प्राध्यापकांसाठी होत्या. सरकारी खात्यांची साधने त्या खात्यांच्या कामासाठी होती. ज्याचा विज्ञानाशी पदाने वा पदवीने काही संबंध नाही, पण ज्याला विज्ञानाची ओढ आहे, अशा माणसासाठी उघडी असलेली जागा एकच होती. ती तशी होती, कारण ती मुळात व्याख्यानाला येणाऱ्या लोकांसाठी बांधली होती. लोकांना दाखवायला आणलेली भिंगे, ध्वनीची उपकरणे, प्रिझम, दुर्बीण हे सगळे तीस वर्षांच्या व्याख्यानांमुळे तिथे जमले होते. रामन यांचे पहिले मोठे काम ध्वनीवर आणि तंतुवाद्यांवर, दुसरे प्रकाशावर. लाफोंच्या टेबलावर संध्याकाळी मांडले जात ते हेच विषय.

१९१७ साली आशुतोष मुखर्जींनी रामन यांना सरकारी नोकरी सोडायला लावून विद्यापीठात पालित प्राध्यापक केले. पगार जवळजवळ निम्मा झाला. असोसिएशनमध्ये गणितावर व्याख्याने देणारे तरुण आशुतोष ते हेच. १९१९ साली अमृतलाल गेले आणि रामन मानद चिटणीस झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले तिथे येऊन संशोधन करू लागली, आणि महेंद्रलालांची जाहीर व्याख्यानांची प्रथा रामन यांनी पुन्हा जोमाने चालवली. ते वक्ते म्हणून विलक्षण होते. उंच आवाज, डोक्यावर फेटा, हातात स्फटिक किंवा हिरा, आणि समोर बसलेल्याला हे जग किती सुंदर आहे ते कळलेच पाहिजे अशी तळमळ.

१९२१ साली बोटीने विलायतेहून परतताना समुद्राचा निळा रंग पाहून त्यांच्या मनात प्रकाशाच्या विकिरणाचा प्रश्न बसला. पुढची सात वर्षे बऊबाजारात त्यावर काम चालले. १९२८ च्या सुरुवातीला आपले सहकारी के. एस. कृष्णन यांच्यासह ते उत्तराच्या अगदी जवळ आले. सूर्यप्रकाशाचा प्रखर झोत लागत होता. तो एकवटायला त्यांनी असोसिएशनची सात इंची दुर्बीण वापरली. एका रंगाचा प्रकाश द्रवातून पाठवायचा आणि बाजूला विखुरलेल्या प्रकाशात दुसरा रंग मिसळलेला आहे का ते पाहायचे, असा तो प्रयोग. २७ फेब्रुवारीला वर्णपटदर्शक लावून बघायचे ठरले, पण आशूबाबूंची मांडणी पुरी होईपर्यंत सूर्य मावळला. दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, नवा रंग मूळ रंगापासून स्पष्ट वेगळा दिसला. महेंद्रलालांना जाऊन चोवीस वर्षे आणि पाच दिवस झाले होते.

रामन यांनी ही बातमी लगेच वर्तमानपत्रांना दिली. १६ मार्चला बंगळूरच्या व्याख्यानात त्यांनी ती सविस्तर मांडली. १९३० साली नोबेल मिळाले. आशियातल्या माणसाला विज्ञानातले हे पहिले नोबेल, आणि ज्या इमारतीत ते काम झाले ती एका डॉक्टराने वर्गणी मागून, संध्याकाळची व्याख्याने देऊन उभी केलेली होती. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पुण्या-मुंबईतल्या संशोधनसंस्था आपली दारे शाळकरी मुलांना उघडतात, तास-दीड तास रांगेत उभी राहून मुले दुर्बिणीला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात. त्या दिवशी भिंतीवर रामन यांचे चित्र असते. शेजारी महेंद्रलालांचेही असावे, असे मला मनापासून वाटते.

बऊबाजारची ती वास्तू आता नाही. रामन १९३३ साली बंगळूरला गेले. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या पुढाकाराने असोसिएशन जादवपूरला हलली. मोठी झाली, आजही तिथे चालते. जुनी इमारत पाडली गेली आणि त्या पत्त्यावर आता गोयंका कॉलेज ऑफ कॉमर्स आहे. रस्त्याचे नावही बदलून बिपिनबिहारी गांगुली स्ट्रीट झाले.

बंगळूरला रामन यांनी १९४८ मध्ये स्वतःची संस्था काढली. ती त्यांनी सरकारी पैशाच्या आधाराविना चालवायचा हट्ट धरला, त्यामुळे महेंद्रलालांसारखीच दारोदार देणग्या मागायची वेळ त्यांच्यावरही आली. तिथे दरवर्षी गांधीजयंतीला ते जाहीर व्याख्यान देत. गावातली माणसे, विद्यार्थी, कॉलेजांतले शिक्षक, कोणीही यावे. १९७० च्या ऑक्टोबरातले व्याख्यान त्यांनी ब्याऐंशीव्या वर्षाला टेकलेले असताना दिले. विषय होता कानाच्या आतला शंख, म्हणजे आपल्याला आवाज ऐकू येतो तो कसा. सात आठवड्यांनी, २१ नोव्हेंबरला, ते गेले.